कोऱ्या फळ्याचा शनिवार

"फळा कोरा! वह्या कोऱ्या! हा गणिताचा वर्ग आहे की मौनव्रताचा?"

साहेबांचा आवाज असा, की शाळेमागच्या निंबावरचे कावळे उडाले ते थेट असोद्याच्या वांग्यांच्या मळ्यात जाऊन बसले. मौनाचा आरोप माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच होत होता. माझ्या बायकोनं तो ऐकला असता तर तिथल्या तिथे साहेबांना शाल-नारळ दिला असता.

झालं होतं ते एवढंच. जळगावात आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पालिकेची एक मराठी शाळा आहे. धुळ्याच्या कॉलेजात गणित शिकवून मी निवृत्त झालो, जळगावात राहायला आलो आणि घरात बसून बायकोच्या डाळीतले खडे मोजण्यापेक्षा बरं म्हणून या शाळेत दर शनिवारी सकाळी सातवीचा वर्ग घेऊ लागलो. फुकट. त्या दिवशी बाकं भिंतीला लावली होती. शहाबादी फरश्यांच्या रेघा म्हणजे आमचा आलेखाचा कागद. एक आडवी रेघ एक्स, एक उभी रेघ वाय, आणि प्रत्येक पोरगं म्हणजे एक बिंदू. मी ओरडलो होतो, "वाय म्हणजे एक्सच्या दुप्पट! उभे राहा!" आणि चाळीस पायांची धावपळ होऊन वर्गाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात अशी सरळसोट तिरपी रेघ उभी राहिली होती, की भुसावळच्या यार्डातल्या रुळानं लाजून मान खाली घालावी.

तेवढ्यात शिक्षण खात्यातले साहेब तपासणीला आले. तरातरा चालत वर्गाच्या बरोब्बर मधोमध आले आणि तिथं उभ्या असलेल्या मुलीला बाजूला करून ओरडायला लागले.

ती मुलगी म्हणाली, "सर, माझ्या जागेवर साहेब उभे आहेत. आरंभबिंदूवर."

मागून एक जण मदतीला धावला, "म्हणजे शून्य, शून्य."

त्यानं माहिती म्हणून सांगितलं हो. पण वर्ग हसला, आणि साहेबांच्या कानाच्या पाळ्या पिंपरीच्या मिरचीसारख्या लाल झाल्या.

"नाव काय तुमचं? तुम्ही फळ्यावर का लिहीत नाही?"

"आज शनिवार आहे," मी म्हणालो.

"मग?"

"मी ज्यू आहे. शनिवारी लिहीत नाही."

"जैन?"

"ज्यू. बेने इस्रायल."

"म्हणजे इस्रायलचे?"

"नाही, भुसावळचे."

हा संवाद मी आयुष्यात इतक्या वेळा केला आहे, की आता झोपेतही बिनचूक म्हणतो. खानदेशात आम्ही इतके थोडे, की जनगणनेचा माणूस आमच्या घरी येतो तेव्हा आमच्यासाठी त्याला 'इतर' हा रकाना शोधावा लागतो, आणि तो सापडला की तोच खूश होतो. आमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा आहे, आत प्रार्थनेचा कागद गुंडाळून ठेवलेली एक छोटी डबी. कुरिअरवाला गेली कित्येक वर्षं ती घंटी समजून दाबतो आणि वाट पाहत उभा राहतो. आतून कोणीतरी येतंच, त्यामुळे त्याचा विश्वास दृढ होत गेला आहे.

साहेबांनी मला सोडून पोरांना धरलं. "सांगा! सतरा गुणिले एकोणीस!"

"तीनशे तेवीस!" सगळा वर्ग एका सुरात. अठराचा वर्ग करायचा आणि एक वजा करायचा, ही आमची शनिवारची करमणूक होती.

साहेबांनी मोबाइल काढला, बोटं चालवली, मोबाइल परत खिशात ठेवला. तोंडावरची माशी हलली नाही. "तोंडी काय करायचंय? उद्या मला वर विचारलं, वर्गात काय शिकवलं, तर मी काय पोरांची तोंडं पाठवू? लिहिलेलं पाहिजे. काढा वह्या!"

एकही वही निघाली नाही. आता, पोरांना मी कधीही लिहू नका असं सांगितलेलं नव्हतं. आमच्या प्रेषिताची, एलियाहू हन्नाबीची शपथ. पण सुरुवातीच्या एका शनिवारी त्यांनी मला विचारलं होतं, सर तुम्ही का लिहीत नाही, मी सांगितलं होतं, आणि पोरांनी आपापसात ठराव करून टाकला होता, सर नाही तर आम्हीपण नाही. जगात फुकट मिळणारी सुट्टी कोण सोडतो? मात्र गंमत अशी झाली, की वही बंद झाल्यावर पोरांचं डोकं उघडलं. बाकी पाच दिवस ती वहीत उतरवायची, शनिवारी डोक्यात ठेवायची.

"सोमवारी लिहून दाखवू ना साहेब," शून्यावरची मुलगी म्हणाली. "आज शनिवार शे ना."

झालं. साहेबांनी फळ्याखालच्या डब्यातला खडू उचलला आणि माझ्या हातात कोंबला. आमच्याकडे प्रत्येक शाळेत फळ्याच्या माथ्यावर एक ओळ असते, तिच्याशिवाय दिवस उगवलेला धरत नाहीत. वार, दिनांक, विषय, पट, हजर.

"हे एवढं लिहा," साहेब म्हणाले. आवाज आता खाली आला होता, आणि तो मला आधीच्यापेक्षाही कमी आवडला. "बाकी फळा राहू द्या कोरा. ही एक ओळ लिहा, मी फोटो काढतो आणि जातो. नाहीतर हा वर्ग आजपासून बंद."

मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या होत्या. धरणगावच्या बाई, बोलायला खणखणीत, त्यांनीच मला या शाळेत बोलावलं होतं. त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, एक ओळ. साहेब गेले की मी माझ्या हातानं पुसते. कोणाला कळणार आहे?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. खडू माझ्या हातात होता. आणि मी तो खिशात टाकला.

"बाई," मी म्हणालो, "सोमवारी येऊन पूर्ण भिंत लिहून देतो. आतून, बाहेरून, आणि साहेबांची इच्छा असेल तर छतसुद्धा. आज नाही."

साहेबांनी वर्ग बंद केला.

आता हा एवढा हट्ट कशाचा, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारा धर्मवेडा आहे. धर्मवेडा असतो तर बरं होतं, ठाण्याच्या चुलतभावाचे बोल तरी ऐकावे लागले नसते.

आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे. शनिवार म्हणजे शब्बाथ, विसाव्याचा दिवस, काम नाही, लिहिणंसुद्धा नाही. म्हणून घाणा बंद, दिवा लावायचा तो शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत. गावकऱ्यांना आमचा देव माहीत नव्हता, ग्रंथ माहीत नव्हता, पण बंद घाणा दिसायचा. त्यांनी आम्हाला नाव दिलं शनवार तेली. नंतर पोरं शिकली, इंग्रजाच्या रेल्वेत शिरली, आणि असंच वाहत वाहत आमचं घर भुसावळच्या रेल्वे कॉलनीत येऊन लागलं. माझे वडील मालगाडीचे गार्ड. भुसावळच्या उन्हात आमच्याकडे चहा चुलीवर करत नसत, पातेलं खिडकीत ठेवत. आणि वडिलांची शिट्टी अशी, की ती वाजली की सावद्याच्या बागांमधली कच्ची केळी दचकून पिकत. हे दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ज्याला खोटं वाटेल त्यानं मे महिन्यात भुसावळला यावं.

पण रेल्वेला शनिवार कळत नाही. ड्युटी लागली की लागली. वडिलांनी साहेबलोकांना विनवून पाहिलं, रविवार घ्या, दिवाळी घ्या, शनिवार तेवढा सोडा. नाही सोडला. मग वडिलांनी मनाशी हिशेब केला. गाडी थांबवता येत नाही, झेंडी दाखवायलाच हवी, दिवा लावायलाच हवा. सगळं रेल्वेनं नेलं. मग काय उरतं? उरतो उजवा हात. शनिवारी लेखणी धरायची नाही.

आता गार्डाला तर गाडी कुठल्या स्टेशनातून किती वाजता सुटली ते लिहावंच लागतं. वडील ते तोंडपाठ करत. शेवटच्या डब्यात एकटे उभे राहून, वाऱ्यात ओरडत जायचे. शिरसोली इतके वाजता, म्हसावद इतके, माहेजी इतके, पाचोरा, कजगाव, वाघळी, चाळीसगाव. पुढचं स्टेशन आलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं. रुळाकाठच्या शेतातल्या माणसांना वाटे हा गार्ड गातोय. संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्या, म्हणजे शब्बाथ संपला, की जिथं असतील तिथं कंदिलाखाली बसून एका दमात सगळं उतरवून काढायचे. रेल्वेच्या कोणी हे वाचत असेल तर माझे वडील गेले, आता काही करता यायचं नाही.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, अहो बाबा, गाडी तर चालवताच ना शनिवारी? ते म्हणाले होते, "गाडी कंपनीची. हात माझा."

तर असा तो हात माझ्याकडे आला. धुळ्याच्या कॉलेजात मी कित्येक वर्षं शनिवारी फळ्याला पाठ करून शिकवलं. प्राचार्यांना वाटायचं मला खडूची ॲलर्जी आहे, ते सहानुभूतीनं कुठलंसं मलमही सुचवायचे. मी हवेत बोटानं आकृत्या काढायचो. एकदा असं भलंमोठं वर्तुळ काढलं वर्गाच्या पुढ्यात, त्याच्या आत त्रिकोण, आणि ते समजावत असताना एक पोरगा उशिरा आला. दारात थबकला. वर्तुळाकडे पाहिलं. आणि त्याला वळसा घालून, अंग चोरून, भिंतीकडून आपल्या जागेवर गेला. मला माझ्या नोकरीत मिळालेला सगळ्यात मोठा मान तो. पदव्या नंतरच्या.

आणि आता एक साहेब म्हणत होते, एक ओळ.

घरी आलो तर बायकोला सगळं आधीच कळलं होतं. आमच्या वस्तीत बातमी माझ्या आधी घरी पोचते, चप्पल काढून बसते, आणि मी येईपर्यंत चहाही पिऊन होतो तिचा.

"एक ओळ लिहिली असती तर आभाळ कोसळलं असतं का हो?" ती म्हणाली. बायको अलिबागकडची, बोलते थोडकं, पण काटा काढलेला नसतो.

"तू पण?"

"मी पण काय? तुम्ही शनिवारी पंखा लावता, टीव्हीवर मॅच बघता, मी नको नको म्हणताना चहा उकळता. आणि पोरांचा वर्ग गेला तो एका ओळीपायी. त्या पोरांनी काय केलं होतं?"

मी मोठ्यांदा बोलू लागलो. बराच वेळ बोललो. ती भाजी निवडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मी नवस बोलले आहे एलियाहू हन्नाबीला. वर्ग सुरू झाला तर मलिदा करीन. तुम्ही तोवर ओरडा."

नवस फेडायला मलिदा करायचा ही आमची रीत. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि प्रेषित एलियाहूची प्रार्थना. ठाण्याला, अलिबागला, जिथं आमची माणसं आहेत तिथं या ताटाभोवती अख्खी आळी गोळा होते, गाणी म्हणते. जळगावात आम्ही दोघं, आणि तिसरा माझा आवाज. फळांचा मात्र तोटा नाही. ठाण्याचे नातेवाईक केळी विकत आणून ताटात एकेक मांडतात, आमच्याकडे केळीनंच ताट झाकलं जातं.

ठाण्याच्या चुलतभावाचा फोन आला. तो तिकडच्या सिनेगॉगच्या कमिटीवर आहे, त्यामुळे देवाच्या वतीनं बोलतो. "अरे, तू शनिवारी शिकवायला जातोस, खिशात खडू घालून हिंडतोस, दिवे लावतोस, आणि म्हणे लिहिणार नाही! हे कुठलं शास्त्र?"

"भुसावळचं," मी म्हणालो.

"पाळायचं तर सगळं पाळ, नाहीतर काहीच नको."

"तू ये इकडे आणि रेल्वेला सांग सगळं पाळायला. मी एवढंच वाचवलंय. तुझ्याकडे सगळं आहे म्हणून तुला एकाची किंमत नाही."

त्यानं फोन ठेवला. मी सांगतो, त्या क्षणी मला वाटलं मी जिंकलो. मग शनिवार उजाडला.

शनिवारी सकाळी आंघोळ करून मी पायजमा घातला आणि कुठं जायचं ते आठवेना. बाहेर गेटाशी गलका. पाहतो तर पोरं. दप्तर नाही, वही नाही, हात हलवत आलेली. आणि त्यांच्यामागे आबा. आबा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले, वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि वस्तीतल्या बुद्धविहाराची किल्ली ज्यांच्या कमरेला असते ते. शून्यावरची मुलगी त्यांची नात.

"सर, बठ्ठी पोरं घर बशी ऱ्हायनात," आबा म्हणाले. "विहारनी किल्ली मन्हाजोडे शे. चला."

"आबा, साहेबांनी बंद केलाय वर्ग. फळा कोरा राहतो म्हणून."

आबांनी थोडा विचार केला. "तठे फयाच नही शे," ते म्हणाले. म्हणजे तिथं फळाच नाही.

मी इतकी वर्षं गणित शिकवलं, पण इतकं चोख उत्तर मला कोणा विद्यार्थ्यानं दिलं नव्हतं. जो फळा नाही, तो कोरा कसा राहील?

तेव्हापासून आमचा वर्ग विहाराच्या हॉलमध्ये. फरश्या इथंही होत्या, आणि शाळेपेक्षा गुळगुळीत. बुद्ध समोर शांत बसलेले, मी त्यांच्यापुढे घसा ताणून ओरडतोय, वर्गमूळ, घनमूळ, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून असं वाटायचं की उत्तर त्यांना आधीच माहीत आहे पण ते पोरांना संधी देतायत. पोरं वाढत गेली. पाचवीची आली, नववीची आली, गल्लीतल्या दोन आया आल्या आणि जिन्याच्या पायऱ्यांवर ऋण संख्या शिकून गेल्या. एक बकरीही नेमानं यायची. तिला अपूर्णांक आवडायचे, कारण अपूर्णांक आम्ही केळीच्या फणीवर शिकवायचो. मुख्याध्यापिका बाईही एकदा येऊन मागे बसल्या. जाताना म्हणाल्या, "सर, शाळेतली खोली शनिवारी कुलूपबंद असते. बघवत नाही."

उन्हाळा तोंडावर आला, आणि आबांनी सांगितलं की विहाराचं जुनं छत उतरवून नवा स्लॅब टाकायचा आहे. कारागीर पुढच्याच आठवड्यात लागणार. म्हणजे हॉल गेला. मी म्हटलं, झाडाखाली बसू. आबा म्हणाले, जळगावात? मार्चमध्ये? झाडाखाली बसलेल्या पोरांचं भरीत झालं असतं, हे मलाही दिसत होतं. हा शेवटचा शनिवार, असं मी पोरांना सांगायला सुरुवात केली, आणि दारात बूट वाजले.

साहेब. सोबत बाई. साहेबांचा आवाज या वेळी असा मऊ, की मला ओळखू येईना.

वरून हुकूम निघाला होता म्हणे. शनिवारी पोरांना दप्तर नको, वही नको, हसतखेळत शिकवा. साहेबांच्या हद्दीतल्या कुठल्या शाळेत असं चाललंय ते आज कळवायचं होतं, आणि साहेबांच्या हद्दीत असं फक्त एका जागी चाललं होतं, जिथं त्यांनीच ते बंद पाडलं होतं. मी हसलो नाही. अगदी खरं सांगतो, मी हसलो नाही. बकरी ओरडली.

"सर, झालं गेलं विसरा," साहेब म्हणाले. "शाळेची खोली तुमची. पुढच्या शनिवारपासून. फक्त ही संमती. इथं खाली सही करा. याचा फोटो खात्याच्या पोर्टलवर आजच चढवायचाय, रात्री ते बंद होतं. आज नाही चढला तर ती खोली दुसऱ्या उपक्रमाला जाते, मग माझ्याही हातात नाही."

पोरं जवळ सरकली. पुढच्या आठवड्यात छत उतरणार होतं. कागद माझ्यापुढे होता, आणि साहेबांनी पेनचं टोपणही काढून दिलं होतं.

"आज शनिवार आहे," मी म्हणालो.

"सर! सही आहे! ते काय लिहिणं आहे का?"

"माझं नाव आहे. याहून जास्त लिहिणं मी आयुष्यात केलेलं नाही."

"मग अंगठा द्या!"

"गणिताचा प्राध्यापक अंगठा देईल?"

"अहो, तुमच्यासाठी चाललंय हे सगळं! पोरांसाठी!" आता तो जुना आवाज परत आला. निंबावरचे कावळे पुन्हा असोद्याच्या वाटेला लागले असणार. "त्या दिवशीही एका ओळीसाठी अडलात, आज एका सहीसाठी! वर्ग पाहिजे की नाही तुम्हाला?"

पाहिजे होता. किती पाहिजे होता, ते मी इथं लिहिणार नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या, पण या वेळी त्या 'एक ओळ' म्हणाल्या नाहीत. आबांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिन बुडना का सही व्हई जाई, साहेब. त्यास्ना घर चला संध्याकाये. च्या पी ल्या तवलगून."

आणि साहेब संध्याकाळी आले. खरोखर आले. आमच्या गच्चीवर. जळगावची गच्ची त्या वेळी अशी तापलेली असते, की वाळत घातलेले पापड भाजून खाली येतात. आबा खुर्चीवर, बाई कठड्याशी, साहेब कागद आणि पेन घेऊन उभे, तीन चांदण्यांसाठी मान वर.

"ती बघा! एक!"

"तो शुक्र आहे साहेब," मी म्हणालो. "ग्रह. ग्रह चालत नाही."

"ती बघा दुसरी! तिकडे!"

"ते विमान आहे."

"आणि ते लाल?"

"टॉवर."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. पण आता त्यांना त्याची चटक लागली होती. कठड्याला टेकून, चष्मा काढून, पुन्हा लावून, ते असे शोधत होते की चांदण्या त्यांच्याच खात्यातल्या आहेत आणि उशिरा येतायत. पहिली त्यांनाच दिसली. दुसरी बाईंना. तिसरीवर आबांनी आणि त्यांनी वाद घातला, मग ती स्वतःच ठळक होऊन निकाल देऊन गेली.

खाली बायकोनं दिवा लावला, वेगळा, शब्बाथ संपल्याचा. मी हात धुतले. पेन घेतलं. संमतीच्या कागदावर सहीच्या वर थोडी जागा होती, तिथं मी आधी एक ओळ लिहिली, ठळक, मोठ्या अक्षरात. शनिवारी फळा कोरा राहील. मग खाली सही.

साहेबांनी ती ओळ वाचली. परत वाचली. एक लांब श्वास सोडला आणि फोटो काढून चढवला. आम्ही सगळे मोबाइलकडे बघत राहिलो, तो गोल गोल फिरत राहिला, आणि शेवटी हिरवी खूण आली.

तोवर खाली खोबरं खवल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं बायको ताट घेऊन वर आली. पोहे, गूळ, खोबरं, आणि वर केळीच केळी. मी प्रार्थना म्हटली, एकट्यानं, पण अख्ख्या ठाण्याला ऐकू जाईल अशी. आबांनी हात जोडले, बाईंनी पदर घेतला, साहेबांनी काय करायचं ते न कळून बूट काढले.

मलिदा साहेबांना आवडला. दुसऱ्यांदा घेतला. मग बोटं चाटत, माझ्याशी बोलायचा धीर नव्हता म्हणून, माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा. हीच सही, हाच कागद, हेच पेन. सकाळी केली असती तर काय बिघडलं असतं?"

मी तोंड उघडलं. वडील, मालगाडी, कोकणातला घाणा, सगळं ओठांवर आलं होतं.

बायको त्यांच्या ताटात केळं वाढत म्हणाली, "सकाळी शनिवार होता."